गणितानंद कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

उन्हाळा चढूं लागला कीं आमच्या धानोऱ्याच्या परिसरांत घरोघरीं मोजणी सुरू होते. पहांटे रानांत गेलेलीं माणसें तेंदूच्या पानांचे भारे घेऊन परततात आणि मग अंगणांत, झाडाच्या सावलींत, घरांतील लहानथोर सर्व मंडळी पानें जुळवावयास बसतात. सत्तर पानांचें एक पुडकें, अशा हजार पुडक्यांची एक गोणी, म्हणजे एका गोणींत सत्तर हजार पानें, हा हिशेब आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांस पुस्तकांतील उदाहरणांच्या आधींच ठाऊक असतो. ही मोजणी पोटासाठीं असते. मोजून झालें, पैसे हातीं आले, कीं संख्येचें काम संपलें. त्या सत्तराकडे पुन्हा वळून पाहण्याचें कोणास कारण पडत नाहीं.

ह्याच महाराष्ट्रांत एक शाळामास्तर असे होऊन गेले कीं, पदरांत कांहीं पडावयाचें नसतांहि ते जन्मभर संख्यांकडे वळून वळून पाहत राहिले. त्यांच्यापाशीं मोठी पदवी नव्हती, विश्वविद्यालयांतील जागा नव्हती, कीं कसली उपकरणें नव्हतीं. तरी त्यांचें नांव आज जगांतील गणिताच्या पुस्तकांत छापलेलें आढळतें. त्यांचें चरित्र यंदा आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों. पालकांनींहि तें वाचावें अशी आमची इच्छा आहे. कारण ह्या विद्येचा उपयोग काय, हा जो प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात, तो ह्या गृहस्थांच्या आयुष्यांत फार कठोरपणें उभा राहिला होता.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. डहाणू तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ सालापासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. दत्तात्रय आठ वर्षांचे असतांनाच त्यांची आई वारली. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हटली म्हणजे आंकडेमोड आलीच. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, पण वडिलांच्या ह्या नादामुळें आंकडे मांडणें, ते ताडून पाहणें आणि त्यांत रमणें ही गोडी मुलास घरांतच लागली. ठाण्यास शाळेंत शिकत असतां कोडीं सोडविण्यांत व लांबलचक हिशेबांच्या जवळच्या वाटा शोधण्यांत त्यांचे तासन्तास जात.

पुढें १९२३ सालीं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत दाखल झाले. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांच्या नांवानें गणितांतील स्वतंत्र विचारास एक पारितोषिक दिलें जात असे. परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत अव्वल आलेले गृहस्थ. तेव्हां त्यांच्या नांवाच्या पारितोषिकाचें मोल विद्यार्थ्यांत किती असेल ह्याची कल्पना करावी. १९२७ सालीं तें पारितोषिक कापरेकरांनीं मिळविलें. १९२९ सालीं ते मुंबई विश्वविद्यालयाचे पदवीधर झाले. येथें त्यांचें कॉलेजांतील शिक्षण संपलें. त्यापुढची पदवी त्यांनीं कधींच घेतली नाहीं. १९३० सालीं ते नाशिकजवळ देवळाली येथें शाळाशिक्षक झाले आणि १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षें, त्यांनीं हीच नोकरी केली.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर, डेम्लो नांवाचें एक स्थानक होतें; त्यासच आज डोंबिवली म्हणतात. तेथें असतांना एका प्रकारच्या संख्यांचा विचार कापरेकरांच्या मनांत प्रथम आला, म्हणून त्यांनीं त्या संख्यांस डेम्लो संख्या असें नांव दिलें. राजे-महाराजांचीं वा आपलें स्वतःचें नांव न देतां एका साध्या स्थानकाचें नांव त्यांनीं संख्यांस द्यावें, ह्यावरूनहि त्यांचा स्वभाव कळतो.

डेम्लो संख्या ओळखण्याची रीत सोपी आहे. संख्येचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग करावे. डाव्या व उजव्या भागाची बेरीज केली असतां एकच अंक पुन्हा पुन्हा यावा, व तोच अंक मधल्या भागांत असावा. १६५ ही संख्या घ्या. १ व ५ मिळून ६, आणि मध्यें ६ आहेच. २५५३ घ्या, २ व ३ मिळून ५, आणि मध्यें पांचाची जोडी आहे. ह्या कुळांतील सर्वांत देखणी संख्या पुढीलप्रमाणें आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

हिच्यांत सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतींत एकं, दहं, शतं येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत. त्या हिशेबानें ही संख्या परार्धाच्या अगदीं एक पायरी खालीं, मध्य नामक स्थानापर्यंत पोंचते. एवढी मोठी संख्या पाहून विद्यार्थ्यांनीं घाबरूं नये. तिचे तीन भाग पाडा: डावीकडे १२३४५६७८, मध्यें ९ आणि उजवीकडे ८७६५४३२१. डाव्या-उजव्याची बेरीज करा. ९९९९९९९९ असे आठ नऊ येतात. मध्यें नऊच आहे. तेव्हां ही डेम्लो संख्या ठरली.

ती आली कोठून? नऊ एकांची संख्या, म्हणजे १११११११११, हिला तिनेंच गुणिलें कीं ही संख्या उत्पन्न होते. ह्याचें कारण समजण्यास लहान उदाहरण पुरे. १११ ला १११ नें पाटीवर गुणून पाहा. एकांच्या तीन ओळी एकेक घर डावीकडे सरकत खालीं येतात. उजवीकडून पहिल्या उभ्या घरांत एकच १ असतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटीं एक. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारांत अशा नऊ ओळी असतात, त्यामुळें आंकडे एकापासून नवापर्यंत चढतात व नवापासून एकापर्यंत उतरतात. मधल्या घरांत नऊच जमतात, त्यामुळें हातचा कोठेंच घ्यावा लागत नाहीं. मात्र दहा एक घेतले कीं मधल्या घरांत दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि जिन्याच्या पायऱ्या मोडतात. त्या गुणाकाराचें उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें येतें. आठाची पायरी चढतांना नाहींशी झाली व मध्यें दोन शून्यें शिरलीं. म्हणून आपली सतरा अंकी संख्या ही त्या सुंदर जिन्याची अखेरची संख्या होय.

हिच्यांत आणखीहि एक गुण आहे. हिच्या सर्व अंकांची बेरीज करा. ती ८१ भरते. आतां त्या प्रचंड संख्येस ८१ नें भागा. बाकी शून्य राहते व भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. आपल्याच अंकांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो अशा संख्येस कापरेकरांनीं हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असें नांव दिलें. १८ ही हर्षद आहे, कारण १ व ८ मिळून ९, आणि नवानें अठरास भाग जातो. इतकेंच काय, आपल्या तेंदूच्या पुडक्यांतील ७० हि हर्षदच आहे. ७ व ० मिळून ७, आणि सातानें सत्तरास भाग जातो.

अशीं नांवें त्यांनीं आणखीहि दिलीं. १५ मध्यें तिचे अंक १ व ५ मिळविले कीं २१ होतात. म्हणून २१ ही १५ पासून जन्मली असें म्हणतां येतें. परंतु २० ही संख्या अशा रीतीनें कोणत्याच संख्येपासून जन्मत नाहीं. तिला त्यांनीं स्वयंभू म्हटलें. तसेंच ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे दोन तुकडे करून मिळवावे तों पुन्हा ४५ च हातीं येतात. अशा संख्यांस आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

ह्या सर्व गोष्टी त्यांनीं शाळेची नोकरी सांभाळून केल्या. दिवसा वर्गांत शिकवावें आणि उरल्या वेळीं कागदावर आंकडे मांडावे, हा क्रम वर्षानुवर्षें चालला. आजच्यासारखीं गणकयंत्रें तेव्हां हाताशीं नव्हतीं. मोठमोठे गुणाकार हातानेंच करावयाचे. जें सांपडे तें ते मासिकांकडे पाठवीत किंवा लहान पुस्तिकांच्या रूपानें स्वतःच छापीत, आणि गणिताच्या परिषदांस जाऊन तेथें मांडीत. तथापि देशांतील पुष्कळ गणितज्ञांस हें काम क्षुल्लक वाटे, आणि कापरेकरांची उपेक्षाच अधिक झाली. नाशिककडील लोकांनीं मात्र त्यांना गणितानंद म्हटलें.

उपेक्षा करणाऱ्यांचा आक्षेप काय होता, हेंहि सांगणें न्यायाचें आहे. संख्येचे कांहीं गुण असे असतात कीं, ती कशीहि लिहिली तरी ते पालटत नाहींत. सात पानें कशींहि मांडलीं तरी त्यांचे दोन सारखे वांटे होत नाहींत. कापरेकरांनीं शोधलेले बहुतेक गुण मात्र आपण दहा-दहांच्या पटींनीं संख्या लिहितों ह्यावर अवलंबून आहेत. जुनीं माणसें विसांनीं मोजीत व पांच विसा म्हणजे शंभर असें सांगत. संख्या लिहिण्याची रीतहि विसांची असती तर तो जिना नवावर न थांबतां एकोणीस पायऱ्यांपर्यंत चढला असता. आक्षेप खोटा नाहीं. तरी जी रीत कोट्यवधि माणसें नित्य वापरतात, तिच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहणें व्यर्थ आहे, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ ह्या संख्येचा. तो त्यांनीं १९४९ सालीं मद्रास येथील गणित परिषदेंत मांडला, व १९५५ सालीं त्यावरील त्यांचा लेख अमेरिकेंतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका ह्या नियतकालिकांत छापून आला. शोध असा. चारी अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें लिहावे, मग चढत्या क्रमानें लिहावे, व मोठींतून लहान वजा करावी. जें उत्तर येईल त्यास पुन्हा हेंच करावें. फार झालें तर सात वेळां असें केलें कीं ६१७४ हीच संख्या येते, आणि मग तेथून हलत नाहीं. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात.

आमचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. तेव्हां १९८२ हीच संख्या घेऊं. ९८२१ वजा १२८९, बाकी ८५३२. पुढें ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. दोन पावलांतच आपण पोंचलों. आतां कापरेकरांचें जन्मवर्ष १९०५ घेऊं. ९५१० वजा ०१५९, बाकी ९३५१. त्यापुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटीं ६१७४. त्यांच्या जन्मवर्षास पुरीं सात पावलें चालावीं लागतात. ह्याहून लांबची वाट कोणत्याच संख्येस नाहीं.

हें सर्वच संख्यांस लागू पडतें असें कशावरून म्हणावें? दहा-वीस उदाहरणें जुळलीं म्हणून नियम सिद्ध होत नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनावर बिंबवून घ्यावी. शून्यानें सुरू होणाऱ्याहि धरल्या तर अशा ९९९० संख्या आहेत. त्या एकेक करून तपासावयाच्या तर महिने जातील. पण वजाबाकीकडे नीट पाहिलें तर असें दिसतें कीं, उत्तर दोनच गोष्टींवर ठरतें: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. पहिल्या अंतरास ९९९ नें व दुसऱ्यास ९० नें गुणून बेरीज केली कीं उत्तर तयार. १९८२ मध्यें हीं अंतरें ८ व ६ आहेत; ७९९२ व ५४० मिळून ८५३२ च होतात. पहिलें अंतर एकापासून नवापर्यंतच असूं शकतें आणि दुसरें पहिल्याहून मोठें होऊं शकत नाहीं. म्हणून अंतरांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. चौपन्न जोड्या तपासणें हें एका वर्गानें एका दुपारीं करण्याजोगें काम आहे. तें केलें कीं ९९९० संख्यांविषयीं कसलीहि शंका उरत नाहीं.

१९६२ सालीं कापरेकर निवृत्त झाले. १९६६ सालीं त्यांची पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन अपुरें होतें. राहणी अत्यंत साधी असूनहि त्यांत निर्वाह होईना, म्हणून उतारवयांत गणित व शास्त्र ह्या विषयांच्या शिकवण्या करून त्यांना पोट भरावें लागलें. ज्यांच्या नांवाच्या संख्या पुढें जगभर अभ्यासिल्या जावयाच्या होत्या, ते मुलांच्या शिकवण्यांवर दिवस काढीत होते. तरी आंकड्यांवरील त्यांचें चिंतन थांबलें नाहीं, आणि कॉलेजांतून बोलावणें आलें कीं ते मुलांना संख्यांच्या गमती सांगावयास आनंदानें जात.

मार्च १९७५ मध्यें अमेरिकेंतील सायंटिफिक अमेरिकन मासिकांत मार्टिन गार्डनर ह्या नामांकित लेखकानें आपल्या गणितविषयक सदरांत कापरेकरांच्या कामाविषयीं लिहिलें. तेव्हां ते सत्तर वर्षांचे होते. त्या लेखानें त्यांची कीर्ति देशोदेशीं गेली, आणि त्यांच्या संख्यांवर इतर देशांतील गणितज्ञहि लिहूं लागले. १९८६ सालीं त्यांचें निधन झालें.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. ह्या विद्येनें कापरेकरांस श्रीमंती दिली काय? नाहीं, उतारवयांत तिनें त्यांना स्वास्थ्यहि दिलें नाहीं, आणि ही गोष्ट आम्ही लपवूं इच्छित नाहीं. त्यांचा संसार चालला तो शिकविण्याच्या कामावर. घरांत कमावणारे हात थोडे असतां मुलगा वा मुलगी वहींत आंकडे मांडीत बसली, तर आईबापांस काळजी वाटणें स्वाभाविक आहे. परंतु दोन गोष्टी त्यांनीं ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी कीं, कापरेकरांनीं आपल्या छंदापायीं कर्तव्य टाकलें नाहीं. बत्तीस वर्षें शाळा सांभाळून त्यांनीं हें केलें. दुसरी अशी कीं, ह्या कामास त्यांना कागद, लेखणी आणि शाळेंत शिकलेली बेरीज-वजाबाकी एवढेंच लागलें. मोठें शहर, मोठें ग्रंथालय वा भारी यंत्र लागतें अशा विद्या पुष्कळ आहेत, आणि रानांतल्या मुलांस त्या दूर वाटतात. ही विद्या तशी नाहीं. देवळालींत राहून ती साधली, तशी धानोऱ्यासहि साधण्यास कांहीं आडवें येत नाहीं.

धन्यानें दिलेली मोहर जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकला आहे. धन्याच्या भीतीनें त्या चाकरानें ती पुरून ठेवली आणि तेथेंच तो चुकला. कापरेकरांस मिळालेली देणगी विद्वानांच्या दृष्टीनें लहान होती. त्यांनीं ती पुरून ठेवली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक घरीं न्याल त्या दिवशीं एक काम करा. आईला वडिलांना जवळ बसवून प्रत्येकाचें जन्मवर्ष विचारा, आणि तें किती पावलांत ६१७४ पर्यंत पोंचतें तें त्यांच्यादेखत मांडून दाखवा. वजाबाकी चुकली तर पुष्कळदां ती संख्याच तुम्हांस सांगेल. कारण मधल्या प्रत्येक उत्तरास नवानें भाग गेलाच पाहिजे. आणि पुढच्या उन्हाळ्यांत पुडकीं बांधावयास बसाल तेव्हां हातांतील सत्तर पानें मोजून झाल्यावर, ती संख्या हर्षद कां, हें शेजारीं बसलेल्या धाकट्या भावंडास समजावून सांगा.